कोकणाने कुलगुरू पुरवले, विद्यापीठं कुठे आहेत?

कातळमाथा

रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले मालवणात, शाळा शिकले रत्नागिरीत, १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत बसले आणि १८९३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पां. वा. काणे यांचा जन्म चिपळूणजवळच्या पेढ्याचा. १९४७ ते ४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे भारतरत्न. रँग्लर परांजपे मुर्डीचे. आधी लखनौ विद्यापीठाचे, मग पुण्याचे कुलगुरू. आणि मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी तर १९१६ साली स्त्रियांसाठी अख्खं विद्यापीठच काढलं. पण काढलं पुण्यात.

आता आपल्याकडे काय आहे बघा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली कॉलेजं अजून १८५७च्या मुंबई विद्यापीठालाच जोडलेली. लोणेऱ्याला १९८९चं तंत्रशास्त्र विद्यापीठ. आणि दापोलीला १८ मे १९७२ पासूनचं कोकण कृषी विद्यापीठ. यातल्या फक्त शेवटच्याला मी 'आपलं' म्हणेन.

म्हणून दोन प्रश्न. एक, कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ हवं का? दोन, दापोलीच्या पन्नासेक वर्षांत तिथल्या प्राध्यापकांनी, शास्त्रज्ञांनी, कुलगुरूंनी नक्की काय केलं? बाळासाहेब सावंतांचं नाव कमानीवर आहे, त्यापलीकडे आपल्याला कोणी आठवतं का? तिथे शिकलेल्यांनी, शिकवलेल्यांनी लिहावं.

तिरफळ

"मुंबईतल्या चाकरमान्यांनी कोकणाला शिकवू नये" हा प्रतिसाद कितवा येतो ते बघायला बसलोय. चहा घेतलाय.

जुना कृषिदूत

दापोलीचाच, म्हणून लिहितो.

कृषी महाविद्यालय विद्यापीठाच्या आधीचं, १९६५चं. तेव्हा राज्यात कृषी विद्यापीठ नव्हतंच. राहुरीचं आलं १९६८ला, अकोल्याचं ६९ला, आणि परभणी व दापोली एकाच दिवशी, १८ मे १९७२. म्हणजे दापोली आणि परभणी जुळी भावंडं. हवामान म्हणाल तर एकाला पाऊस आवरत नाही आणि दुसऱ्याला पुरत नाही. विभागवार विद्यापीठ हवं होतं ते याचसाठी. राहुरीच्या उसाची शिफारस आमच्या जांभ्या दगडाच्या जमिनीवर लागू पडत नाही.

बाळासाहेब सावंत म्हणजे पी. के. सावंत. कन्नमवार गेले तेव्हा १९६३च्या नोव्हेंबर-डिसेंबरात थोडे दिवस मुख्यमंत्रीपद सांभाळलेले. त्यांचं नाव विद्यापीठाला २००१ साली लागलं. आमच्या वेळी नुसतं कोकण कृषी विद्यापीठ होतं, आणि एसटीचा कंडक्टर तर दापोलीऐवजी 'कॅम्प'चंच तिकीट फाडायचा.

प्राध्यापक म्हणाल तर एक अजून डोळ्यापुढे आहेत. नाव घेत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. कोय कलमाचं प्रात्यक्षिक. रुजून पंधरा-वीस दिवस झालेला तांबूस कोंब, दोन बोटं ठेवून वरून कापायचा, मधोमध उभी चीर, आणि तेवढ्याच जाडीच्या हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर. पाचर चिरेत बसली की प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर गुंडाळत जायचं. सर म्हणायचे, "काडी कोंबाला विचारून बसव." आम्ही हसायचो. मग आमची निम्मी कलमं वाळायची आणि सरांची सगळी जगायची. पावसाळ्यात शेडमध्ये पाय चिखलात, वर डास, आणि हातात अशी धारेची सुरी की अंगठा गेला तरी पत्ता लागू नये.

हे का सांगतो? पूर्वी भेट कलम असायचं. मोठ्या झाडाला कुंड्या टांगायच्या नाहीतर मचाण बांधायचं, एका झाडावर होऊन होऊन कलमं किती होणार? कोय कलम दापोलीने पक्कं केलं, शेतकऱ्यांना आणि रोपवाटिकावाल्यांना शिकवलं. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा कलमं लागणार होती ढिगाने, आणि ती करणारे हात तोवर तयार होते. आज कातळावर ज्या बागा दिसतात त्यांच्यामागे हे आहे.

खाडीपलीकडे

कृषिदूत, फार छान. "काडी कोंबाला विचारून" हे लग्न जमवणाऱ्यांनाही सांगायला हवं.

हिशेबी बागायतदार

गोड गोड चाललंय, म्हणून जरा तिरफळ घालतो (आयडीवाल्याने राग मानू नये).

माझी बाग कलमांचीच आहे, कोय कलमाबद्दल हात जोडले. पण नंतर? कल्टार, ते झाडाची वाढ रोखणारं रसायन, कोणी आणलं? दापोलीनेच शिफारस केली ना, दरवर्षी मोहोर यावा म्हणून? आज कराराने बाग घेणारा माणूस तीन वर्षं मारेमाप कल्टार ओततो, आंबा ओरबाडतो आणि झाड म्हातारं करून मालकाच्या गळ्यात टाकतो. आमच्या गावात अशी झाडं दाखवतो, फांद्या खुरटलेल्या, पालवी बोटभर.

फवारणीचं वेळापत्रक छान छापून देतात. पण मोहोर आता तीन-तीन टप्प्यांत येतो, थंडी जानेवारीत पडते, मार्चात उकाडा. थ्रिप्सने (फुलकिड्यांनी) गेले काही हंगाम रडवलं. वांदरांवर कोणी पीएचडी केली का? माझा निम्मा माल ती नेतात. वेळापत्रकात त्यांच्यासाठी रकाना ठेवा.

जुना कृषिदूत

बागायतदार, कल्टारची शिफारस नीट वाचली तर ती अशी: झाडाच्या घेराचा व्यास मोजायचा, मीटरमागे ठरावीक मिली, पंधरा जुलै ते पंधरा ऑगस्टच्या सुमारास मुळांशी द्यायचं, झाड सशक्त हवं, खतं वाढवायची. तुम्ही सांगता तो माणूस ना व्यास मोजतो ना खत घालतो, कारण झाड त्याचं नाही. तो दोष करारपत्राचा. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर डॉक्टर काय करणार?

वांदरांचं मात्र मान्य. तिथे सगळेच हतबल.

हिशेबी बागायतदार

डॉक्टरने पेशंट कसा आहे ते बघून लिहून द्यावं एवढंच म्हणतो. शिफारस करताना बागा कराराने जातात हे दापोलीला माहीत नव्हतं का? कोकणातलं शेंबडं पोर सांगेल.

वेंगुर्लेकर

आमच्या वेंगुर्ल्याक इसारलास काय रे सगळे? आंबो आंबो काय करतास! काजी खयसून इली ती?

(आता शहाण्यासारखं लिहितो.) वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७चं, म्हणजे विद्यापीठापेक्षा जुनं. तिथून वेंगुर्ला-१ पासून एकेक काजूच्या जाती निघाल्या. आज सिंधुदुर्गात कोणालाही विचारा, 'चार नंबर' आणि 'सात नंबर' म्हणेल. सात नंबरची बी हातात घ्या, वजन कळतं. आधी आमच्याकडे काजू म्हणजे कुंपणाला आपोआप उगवलेलं झाड आणि मे महिन्यात पोरांनी बोंडू खाऊन खराब करायचे कपडे. आज त्याच्यावर घरं चालतात.

तिथल्या शास्त्रज्ञांची नावं विचाराल तर गावात दोन-तीन जुनी माणसं सांगतील. पण झाडाचा नंबर सगळ्यांच्या तोंडी. त्या माणसांना त्यात काही वाटत असेल असं दिसलं नाही कधी.

घाटमाथ्यावरचा

मी कोल्हापूरचा, तरी बोलू का?

तुम्ही "आपलं विद्यापीठ" म्हणता, पण कुलगुरूंची यादी काढा. डॉ. किसन लवांडे आले राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातून. डॉ. संजय सावंत मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचे. डॉ. तपस भट्टाचार्य नागपूरच्या मृद सर्वेक्षण संस्थेतले मातीशास्त्रज्ञ. म्हणजे आंब्याच्या विद्यापीठाला कांदा, द्राक्ष आणि माती. आमच्याकडून माल येतो, तुमच्याकडे खपतो. ;)

तिरफळ

कांदा आणि आंबा एकत्र करून बघितलंय का? कैरीचं लोणचं होतं. अपमान समजू नये.

कातळमाथा

घाटमाथ्यावरचे, टोला चांगला होता, पण मला त्यात वाईट दिसत नाही. कुलगुरूने स्वतः आंब्यावर चढायचं नसतं. सध्याचे डॉ. संजय भावे तर दापोलीतच घडलेले, वनस्पती पैदासशास्त्राचे. माझा प्रश्न वेगळा आहे: बाहेरचा असो वा घरचा, पाच वर्षांच्या मुदतीत कुलगुरू काय बदलू शकतो?

निवृत्त, वाकवलीकडे

बराच वेळ नुसतं वाचत होतो. याच व्यवस्थेत नोकरी केली, त्यामुळे थोडं लांबेल.

रत्ना हा आंबा १९८१ साली आला. नीलम आणि हापूस यांचा संकर. दरवर्षी धरतो, साका (आतला गर पांढरट, भुसभुशीत होणं) होत नाही, फळ मोठं. त्यानंतर रत्ना आणि हापूस यांचा पुन्हा संकर करून १९९२ साली सिंधू आला; कोय इतकी पातळ की खाणारा दचकतो. आता हे वर्षांच्या हिशेबात मांडा. मोहोराच्या दिवसांत भल्या सकाळी फांदीवर जाऊन फूल उघडायच्या आत त्यातला पुंकेसर चिमट्याने काढायचा, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, पिशवी बांधायची. शेकडो फुलांमागे फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी टिकतात. त्यातली कोय लावायची, झाड व्हायची वाट बघायची, फळ आलं की चव, साका, टिकाऊपणा, सलग काही हंगाम. बहुतेक झाडं नापास. जे पास होईल त्याची कलमं करून वेगवेगळ्या केंद्रांवर लावायची, पुन्हा थांबायचं. मग चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक असते, तिथे राहुरी-अकोल्याचे लोक उलटसुलट प्रश्न विचारतात, आणि तिथून पार पडलं तर जात 'प्रसारित'.

एवढ्यात कुलगुरू किती बदलतात? ज्याच्या काळात संकर होतो त्याचा सत्कार नाही, ज्याच्या काळात प्रसारण होतं त्याचा फोटो. यात कोणाची लबाडी नाही, झाडाचं वयच तसं आहे. म्हणून कातळमाथा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: चांगला कुलगुरू कोण, तर ज्याने आधीच्या कुलगुरूच्या काळात लावलेले प्लॉट उपटू दिले नाहीत. मजूर कमी पडले तरी नोंदवह्या भरून घेतल्या. एखादा माणूस निवृत्त होण्याआधी त्याच्या हाताखाली दुसरा तयार केला. या तिन्ही गोष्टी वर्तमानपत्रात येत नाहीत.

आणि कुलगुरूच्या हातात तरी किती असतं? कुलपती राज्यपाल, प्रतिकुलपती कृषिमंत्री, १९८३चा कायदा, पुण्याची कृषी परिषद, वर कार्यकारी परिषद. साधी जागा भरायची तर फाईल किती टेबलं फिरते! जागा रिकामी राहिली की एकच माणूस तीन योजनांचा प्रमुख होतो, सकाळी शिकवतो, दुपारी प्लॉट बघतो, संध्याकाळी मासिक अहवाल. मग बागायतदार म्हणतात तसं, थ्रिप्सकडे बघायला उशीर होतो.

कल्टारबद्दल दोघांचंही ऐकलं. बागायतदारांचा मुद्दा मला पटतो. आम्ही झाड पाहिलं, झाडाचा मालक आणि झाड वापरणारा यांच्यातला व्यवहार पाहिला नाही. विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र विभाग आहे, विस्तार शिक्षण आहे; तो अभ्यास शिफारशीच्या सोबत व्हायला हवा होता.

खाडीपलीकडे

हा प्रतिसाद जपून ठेवतो. काका, मग रत्ना एवढा गुणी तर बाजारात का नाही?

निवृत्त, वाकवलीकडे

वाशीच्या मार्केटला विचारा. पेटीवर हापूस लिहिलं की दर. वास हापूसचा हवा, देठाजवळचा तो रंग हवा. रत्नाला स्वतःची चव आहे, पण गिऱ्हाईक चव घ्यायच्या आधी नाव विचारतं. घरच्या परड्यात मात्र पुष्कळांनी लावलाय. पाहुण्यांना देतात आणि काय आहे ते सांगत नाहीत.

हिशेबी बागायतदार

काका, मनापासून लिहिलंत. एक बाजू माझ्याकडूनही लिहितो, नाहीतर म्हणाल नुसता कुरकुरतो. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) आणि रक्षक सापळा, या दोन गोष्टींसाठी दापोलीला नमस्कार. नूतन झेल्याने आंबा देठासकट उतरतो, चीक फळावर सांडत नाही, डाग नाही. चौदा आणे तयार झाला की काढा, हेही त्यांचंच सांगणं. झाडावर जास्त पिकू दिला की साका वाढतो. आणि फळमाशीचा सापळा दरसाल टांगतो.

२०१८च्या भौगोलिक मानांकनाचंही थोडं श्रेय द्यायला हवं. हापूसच्या त्या नोंदणीत बागायतदारांच्या संस्थांच्या बरोबरीने विद्यापीठही होतं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालणारे त्याने थांबले का, हा वेगळा धागा.

कृषिकन्या

सगळे पुरुषच बोलतायत म्हणून हात वर करते.

शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहावं लागतं. मुलगे कृषिदूत, आम्ही कृषिकन्या. आमची तुकडी खेड तालुक्यातल्या एका वाडीवर होती. पहिल्या दिवशी माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक. व्ही आकाराचा खड्डा, बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा थर खुरप्याने काढायचा, शेतात नागमोडी फिरत अशा जागा घ्यायच्या, सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. आम्ही पाठ केल्यासारखं बोलत होतो. एक आजी खाचराच्या बांधावर बसून शेवटपर्यंत बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं या कोपऱ्यात राख टाकलीन वर्षानुवर्षं. तिथली माती यात घेऊ नका, फसाल." आमच्या मॅडमनी तिथल्या तिथे तो कोपरा वगळायला लावला आणि परत जाताना गाडीत म्हणाल्या, आज प्रात्यक्षिक तुम्ही दिलं नाही, बघितलंत.

प्राध्यापक कसे होते, तर असे. सगळे नव्हते. काही नुसत्या नोट्स सांगून जायचे.

भाताचं कोणी लिहिलं नाही म्हणून: कर्जतचं केंद्र १९१९चं आहे, वेंगुर्ल्यापेक्षाही जुनं. कोकणातल्या भाताच्या जाती म्हणाल तर रत्नागिरी-२४, कर्जत-३, संकरित सह्याद्री. आणि पनवेलचं खार जमिनीचं केंद्र, तिथल्या पनवेल नावाच्या जाती खाऱ्या पाण्यात तग धरतात. आंब्याचे पैसे बागायतदाराला मिळतात, भात सगळ्यांच्या ताटात असतो.

वेंगुर्लेकर

ताई, भाताचा बरा काढलास. आणि नारळाचा भाट्याचा, सुपारीचा श्रीवर्धनचा केंद्र. निसर्ग वादळात श्रीवर्धनाकडच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या तेव्हा लोकांका समजला, की सुपारीचा झाड परत उभा करूक किती वर्षां लागतत.

मचवा

शेतीतून जरा समुद्रावर या. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, रत्नागिरी, १९८१. राज्यातलं मासेमारीचं शिक्षण म्हणजे तिथलं. मग सरकारने पशू आणि मत्स्य विज्ञानाचं विद्यापीठ काढलं, २००० साली, आणि त्याचं मुख्यालय कुठे? नागपूर! राज्याचा किनारा आपल्या दारात आणि विद्यापीठाच्या दारात फुटाळा तलाव.

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तोवर दापोलीकडे होतं, ते नागपूरकडे गेलं. शिरगाव कोणाचं यावर वर्षानुवर्षं ओढाताण. पोरांनी पदवी कोणाची घ्यायची हा वादाचा विषय झाला. कॉलेज शेवटी दापोलीकडे राहिलं, पण नागपूरची टांगती तलवार अधूनमधून हलते. कोकणात स्वतंत्र मत्स्य विद्यापीठ ही मागणी मला तरी 'कोकण विद्यापीठ' या मागणीपेक्षा जास्त पटते.

घाटमाथ्यावरचा

नागपूरकरांची बाजू घेतो, कोणीतरी घ्यायला हवी. विदर्भात तळी हजारो आहेत, गोड्या पाण्यातली मासेमारी तिथली मोठी. ढिवर समाज त्यावर जगतो. नागपूरला मत्स्य म्हटलं की हसायचं हे बरोबर नाही.

मचवा

हसत नाही, रडतोय. गोड्या पाण्याचं तिकडे ठेवा की. पण ट्रॉलर, पर्ससीन, एलईडीच्या दिव्यांची मासेमारी, खाडीतली कालवं, खेकडापालन यांचे प्रश्न फायलीतून नागपूरला कशाला जायचे?

झाडगाव नाका

रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र केंद्राचं मत्स्यालय कोणीच काढलं नाही? तिथला देवमाशाचा सांगाडा बघून मी मत्स्यशास्त्राला जायचं ठरवलं होतं. मग बँकेत लागलो.

लोणेरेकर

लोणेऱ्याबद्दल कोणी बोलेना, म्हणून मीच. आधी ते स्वतःपुरतं विद्यापीठ होतं, महामार्गाच्या कडेला, माणगाव-महाडच्या मध्ये. २०१६ नंतर राज्यभरातली अभियांत्रिकी कॉलेजं त्याला जोडली गेली. म्हणजे लातूर-नांदेडकडच्या पोराच्या पदवीवर लोणेरे, आणि ते पोर लोणेऱ्याला कधी उतरलेलं नाही. इकडे रत्नागिरीतल्या बीएच्या पोराच्या पदवीवर मुंबई. कोकणातलं विद्यापीठ राज्याचं, आणि कोकण मुंबईचं. कातळमाथांच्या तक्रारीत ही भर घाला.

खाडीपलीकडे

तरी मी स्वतंत्र विद्यापीठाच्या विरोधात आहे. दोडामार्गच्या पोराला मुख्यालय पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं, खरं आहे. पण मुंबईचं नाव पदवीवर असतं म्हणून ते पोर पुण्या-बंगळुरात मुलाखतीला ताठ बसतं. सोलापूरला २००४ साली एका जिल्ह्याचं विद्यापीठ झालं, गडचिरोलीला २०११ साली गोंडवाना. जाऊन तिथल्यांना विचारा. काहींना सोय वाटते, काहींना नाव लहान झाल्यासारखं वाटतं. आपल्याकडे रत्नागिरीचं उपकेंद्र आहे, त्याला अधिकार द्या, प्राध्यापक द्या. नवी कमान बांधून काय होणार?

कातळमाथा

उपकेंद्राला अधिकार द्या ही मागणी मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. कमान लागते ती अधिकारासाठी. दापोलीला १९७२ साली कमान बांधली नसती, राहुरीचं उपकेंद्र ठेवलं असतं, तर चार नंबर, सात नंबर, रत्ना यांना कोणी पैसे दिले असते का? वरच्या सगळ्या प्रतिसादांतून मला हेच दिसलं. आपल्या हवेचा, आपल्या मातीचा प्रश्न घेऊन कोणीतरी पगारावर वीस वर्षं बसलं.

मुरूडकर

इतिहासात थोडी भर. मूळ पोस्टमधली माणसं नकाशावर ठेवून बघा. कर्वे मुरूडचे, परांजपे मुर्डीचे आणि कर्व्यांच्या नात्यातले, काण्यांची शाळा दापोलीतली. बाबासाहेबांचं आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती मुंबईत. ही माणसं दापोलीच्या आसपासची. कर्वे तर परीक्षेला बसायला म्हणून मुरूडहून साताऱ्याला पायी गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परत पाठवले गेले. शिकायचं तर घाट चढायचा नाहीतर बोटीत बसायचं, हे तेव्हा ठरलेलं होतं.

म्हणून दापोली हे ठिकाण विद्यापीठाला मिळालं यात मला तरी काव्यगत न्याय वगैरे वाटतो. प्रत्यक्षात ते थंड हवा, छावणीची मोकळी जागा आणि आधीचं कॉलेज यामुळे असेल.

तिरफळ

कर्वे साताऱ्याला पायी गेले आणि आम्ही खेडला रेल्वेतून उतरून दापोलीपर्यंतच्या रस्त्याला शिव्या देतो.

निवृत्त, वाकवलीकडे

खाडीपलीकडे, तुमच्या मुद्द्यावर एक. नाव मोठं असणं पोराला एकदा उपयोगी पडतं, मुलाखतीत. चांगला शिक्षक जवळ असणं तीन वर्षं रोज. पण कातळमाथांनाही सांगतो, कमान उभी राहते, जागा भरल्या जात नाहीत. नवं विद्यापीठ मागताना पहिल्या ओळीत मंजूर पदांचा आकडा आणि ती कधी भरणार ती तारीख मागा. इमारत शेवटच्या ओळीत. आम्ही उलटं होताना पाहिलंय.

कृषिकन्या

काकांना अनुमोदन. आणि पदं भरताना स्त्रियांची वसतिगृहं, क्वार्टर्स बघा. माझ्या दोन मैत्रिणी चांगल्या शास्त्रज्ञ झाल्या असत्या. दूरच्या केंद्रावर एकटीने राहायची सोय नव्हती, सोडून दिलं.

हिशेबी बागायतदार

मी स्वतंत्र विद्यापीठाच्या बाजूने मत टाकतो, पण एका अटीवर. कार्यकारी परिषदेवर शेतकरी प्रतिनिधी म्हणून जो बसतो त्याच्या पायाला चिखल असावा. आणि वांदरांचा रकाना.

नवा सभासद

पहिल्यांदाच लिहितोय. राजापूरला वडिलांची थोडी वरकस जमीन आहे, मी ठाण्यात असतो. वरचं वाचून सिंधूची चार-पाच कलमं लावावी असं वाटतंय. विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून मिळतात का? कधी जावं?

जुना कृषिदूत

मिळतात, पण आयत्या वेळी जाऊ नका, आधी नोंद करून ठेवा. खड्डे मे महिन्यात काढून तापू द्या, लावणी पाऊस स्थिरावला की. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील असं लावा आणि सांध्याखालून फूट आली की लगेच खुडा, नाहीतर चार वर्षांनी रायवळ खात बसाल. आणि पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तरी काढून टाका. जीव होत नाही, पण काढा. राखायला गावात कोण आहे?

नवा सभासद

काका आहेत. पण ते म्हणतात आधी कुंपण घाल, मग झाडाचं बोल.

वेंगुर्लेकर

काको शाणो असा.